सत्त्याहत्तरच्या पुढे नाही

माझ्या मामेसासऱ्यांइतक्या सावकाश मोटारींची शर्यत खेळणारा माणूस अख्ख्या बेंगळुरूत दुसरा सापडायचा नाही, आणि इथल्या रस्त्यांवर गाड्या कशा चालतात हे पुरतं ठाऊक असूनही मी हे विधान करते आहे. मामांची गाडी लॅपटॉपच्या पडद्यावर धावते. समोर मोकळा रस्ता असतो, मागून वीस गाड्या सुसाट येत असतात, आणि मामा मध्येच गाडी कडेला घेऊन, पार्किंगचे दिवे लावून, शांतपणे थांबतात. का, तर लॅपटॉपच्या ग्राफिक्स कार्डाला, म्हणजे खेळाची चित्रं काढणाऱ्या भागाला, धाप लागली आहे. पडद्याच्या कोपऱ्यात त्याचं तापमान दाखवणारा हिरवा आकडा असतो. मामांची नजर त्या आकड्यावर असते, रस्त्यावर नसते. त्यामुळे शर्यतीत ते नेहमी कुणाच्या तरी शेतात सापडतात. एकदा गाडी थेट गोठ्यात घुसली, तेव्हा मी किंचाळले. मामा म्हणाले, “एवढी आपटली, तरी बघ, बहात्तरच!”

मामा हेब्बाळला राहतात, आम्ही त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर. सरकारी कारखान्याच्या चाचणी विभागात त्यांची उभी हयात गेली. कुठलंही यंत्र बाहेर पडण्याआधी ते तापवायचं, किती तापतं ते लिहायचं आणि मग सही करायची, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर तापवायला काही उरलं नाही आणि मामा वर्षभर घरात नुसते फिरत राहिले. मग त्यांची एकुलती एक मुलगी मुक्ता नोकरीसाठी सिंगापूरला निघाली आणि जाताना आपला खेळायचा जुना लॅपटॉप त्यांच्या हवाली करून गेली. “बाबा, दर रविवारी अकराला आपण दोघं एका संघातून शर्यत खेळायची,” असं तिने बजावलं. खेळ म्हणजे काय हे मामांना ठाऊक नव्हतं, पण पहिल्याच रविवारी लॅपटॉपच्या पोटाला हात लागला, चटका बसला आणि मामांना पुन्हा नोकरी लागली.

त्यानंतर त्या लॅपटॉपची जी बडदास्त सुरू झाली, तशी जावयाचीही होत नाही. त्याला खालून वारा मिळावा म्हणून मामींच्या इडलीपात्रातल्या दोन तबकड्या गेल्या. त्यांना भोकं असतात, हा त्यांचा गुन्हा. चिपची उष्णता ओढून घ्यायला तिच्यावर लावायची राखाडी पेस्ट मामांनी स्वतः बदलली, तीही हरभऱ्याच्या डाळीएवढी, शेजारी खरी डाळ ठेवून. मामी निपाणीच्या, ‘पण’ला ‘खरं’ म्हणणाऱ्या. त्या मला म्हणाल्या, “दात घासताना बोटभर पेस्ट घेतात की, खरं तिथं कोण बघायला बसतंय!” मामींनी सूडही छान उगवला. लॅपटॉपच्या बगलेतून गरम वारा येतो हे लक्षात आल्यावर त्यांनी तिथे सांडग्यांचं ताट ठेवायला सुरुवात केली. तापमान टिपायच्या मामांच्या वहीत शेऱ्याच्या रकान्यात आजही सुवाच्य अक्षरात नोंद आहे: ‘सांडग्यांमुळे हवेस अडथळा. दोन अंश वाढ.’

ही वही हे मोठंच प्रकरण होतं. कारखान्यात नोंद एकाने घ्यायची आणि दुसऱ्याने पाहून सही करायची असा नियम होता, आणि दुसऱ्या सहीशिवाय आकडा म्हणजे अफवा, असं मामा मानत. मामींनी दोन रविवार सह्या केल्या आणि तिसऱ्या रविवारी लाटणं खाली न ठेवता नकार दिला. तेव्हापासून साक्षीदार मी. दर रविवारी अकराला मी खाली जाऊन मामांच्या शेजारी बसायची, दर पाच मिनिटांनी आकडा बघायची आणि सही ठोकायची. आढेवेढे मी पुष्कळ घेतले, पण खरं सांगायचं तर आठवड्यातला तो तास मला फार आवडायचा.

मामांची लाल रेघ सत्त्याहत्तरला. “कंपनी म्हणते सत्त्याऐंशीपर्यंत चालेल. म्हणजे आपण सत्त्याहत्तर. दहा अंश नेहमी हातचे ठेवावेत, अश्विनी.” हे दहा अंश ते सगळीकडे हातचे ठेवत. आमच्या घरी जेवायला आले की आधी फ्रिजच्या पाठीला, मग माझ्या फोनच्या पोटाला उलटा हात लावून बघत, लेकराला कणकण आहे का बघतात तसा. एकदा हेब्बाळच्या पुलाखाली रिक्षा अडकली होती, तर मागे बसून मामा रिक्षावाल्याला इंजिन विझवून गार होऊ द्यायला सांगू लागले. “सर, स्वल्प सुम्ने कूत्कोळ्ळी,” म्हणजे जरा गप्प बसा, असं तो हात जोडून म्हणाला. मामा “सरी, सरी,” म्हणजे बरं, बरं, म्हणाले आणि उतरताना इंजिनाला हात लावून आलेच.

दोन वर्षांत बापलेकींची एकही शर्यत पुरी झाली नाही. शेवटच्या दोन फेऱ्या आल्या की आकडा सत्त्याहत्तरला टेके, मामा कडेला थांबत, आणि फोनच्या स्पीकरमधून मुक्ताचा आवाज येई, “बाबा, चला ना! आपल्याला दोघांनाही पोचावं लागतं, एकटीचं धरत नाहीत!” मामा म्हणत, “स्वल्प थांब गं, जरा निवू दे.” ती थांबायची. तिचीही गाडी कडेला उभी राहायची आणि दोघं मग मामींनी काय केलंय, तिच्या घरमालकिणीचं मांजर कसं आहे, असल्या गप्पा मारत बसायची.

यंदा चैत्रात मुक्ताने सांगितलं की तिची बदली कॅनडाला झाली. तिकडे आपली सकाळ म्हणजे त्यांची मध्यरात्र, शिवाय दोन बॅगांत मावेल तेवढंच न्यायचं, तेव्हा खेळायचा संगणक ती विकून टाकणार होती. “पुढचा रविवार शेवटचा, बाबा. एकदा तरी पोचू या.”

मामा त्या आठवड्यात नीट जेवले नाहीत. खेळाची नवी आवृत्ती आली होती, ती जड होती, आणि जुन्या कार्डावर चित्र अडखळत होतं. मुक्ताच्या बरोबरीने पळायचं तर कार्डाचा वेग कंपनीने ठरवला त्याहून वाढवायला हवा होता. त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, आणि मामांच्या लेखी तो स्वैराचार होता. तरी त्यांनी तसा अर्ज लिहिला. स्वतःलाच. मग तो मंजूर न करता एक दिवस बाजूला ठेवला, कारण त्याच दिवशी मंजुरी मिळाल्याचं त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सही झाली आणि आमटीत चिमूट चिमूट मीठ घालावं तसा त्यांनी वेग वाढवत नेला, दर पायरीला अर्धा तास तपासणी करत.

रविवारी बाहेर ऊन रणरणत होतं. मामींनी आपण होऊन सांडग्यांचं ताट उचललं आणि मोठा टेबलफॅन आणून ठेवला. शर्यत सुरू झाली. मामा खरोखरच पळत होते! पाचव्या फेरीला आकडा चौऱ्याहत्तर झाला, सातवीला सत्त्याहत्तर. मामा कडेला थांबायची मी वाट बघत होते. गाडी थांबली नाही.

“मामा, एक्याऐंशी,” मी म्हटलं.

“असू दे.”

“मामा, चौऱ्याऐंशी! सही कुठे करू?”

“राहू दे गं ती सही! मुक्ता, पुढचं वळण डावीकडे की उजवीकडे?”

“डावीकडे, बाबा! आता सरळ!”

दोघं पोचले. अठरावे आणि एकोणिसावे. मुक्ता तिकडे ओरडत होती, मामी इकडे टाळ्या वाजवत होत्या आणि टेबलफॅनने वहीची पानं फडफडत होती. मी त्यांना इतकं खूष कधी पाहिलं नव्हतं. मला रडू आलं, आणि ते मी लपवलंही नाही.

पुढच्या रविवारी अकराला मी सवयीने खाली गेले. मामांनी लॅपटॉप सुरू केला होता, पण खेळ उघडला नव्हता. कोपऱ्यात आकडा अडतीसवर बसला होता. एरवी अशा आकड्याला मामांनी पेढे वाटले असते.

“फारच थंड आहे गं,” ते म्हणाले.

 मी म्हटलं, “मामा, आमचा लॅपटॉप खाली आणू का? मला शिकवाल खेळायला?”

ते माझ्याकडे वळले. “किती तापतो?”

“पुष्कळ,” मी ठोकून दिलं. आमचा लॅपटॉप कोमटसुद्धा होत नाही आणि हे पहिल्या पाच मिनिटांतच उघडं पडणार होतं, पण तोवर मामी चहा टाकायला उठल्या होत्या आणि मामा आपली खुर्ची सरकवून माझ्यासाठी जागा करत होते.