दयेचे मार्क

घरात तिला सगळे शंकासुर म्हणत. मैत्रिणीने केसांचं कौतुक केलं तरी हिच्या मनात पाल चुकचुकायची, हिला माझ्याकडून काय हवंय?

तिला नावं ठेवण्यात अर्थ नव्हता. हातापायांच्या स्नायूंवर जन्मापासूनच तिचा पुरता ताबा नव्हता. चालायला कुबड्या, बोलणं अडखळत, आणि हातात पेन धरलं की ते वाट फुटेल तिकडे जायचं. अशा पोरीशी जग फार गोड वागतं, आणि तो गोडवा घशात अडकतो. शाळेत गणिताच्या पेपरात तिने एक अख्खा प्रश्न कोरा सोडला होता. सरांनी त्यालाही मार्क दिले. आई हरखली. ही मात्र तेव्हापासून प्रत्येक शाबासकीकडे चोराकडे बघावं तशी बघू लागली.

कॉलेजची तयारी तिने मोहिमेवर निघाल्यासारखी केली. सुट्टीतच वडिलांना घेऊन इमारत पाहून आली. चढायला उतार होता, पण त्याच्या तोंडाशी मोटारसायकली लावलेल्या. स्वच्छतागृहाचं दार आत उघडायचं, त्यामुळे कुबड्यांसकट आत गेलं की ते लागायचंच नाही. तिने तक्रार लेखी दिली. पेपर संगणकावर टाइप करायची परवानगी आणि जादा वेळ मागितला, आणि सुट्टीभर दोन बोटांनी कीबोर्ड बडवून घरच्यांना वात आणला.

"काळजीच करू नका ताई, सगळं होईल," ऑफिसातला कारकून म्हणाला.

बाहेर आल्यावर ती वडिलांना म्हणाली, "लगेच हो म्हणाला. काहीतरी गडबड आहे."

गडबड काही नव्हती. दार बदललं, मोटारसायकली हलल्या. तिची शंका मात्र जागची हलली नाही.

पहिल्या चाचणीत तिला भरघोस मार्क पडले. अर्थशास्त्रात तर ती वर्गात दुसरी आली. झालं, झोप उडाली. पुढच्या वर्षी अर्थशास्त्र हाच विशेष विषय घ्यायचं तिने मनाशी ठरवलं होतं, आणि त्याच्या जागा दुसऱ्या चाचणीच्या मार्कांवर भरणार होत्या. मार्क खरे असतील तर प्रश्नच नव्हता. पण दयेचे असतील तर? पुढे जाऊन सगळ्यांसमोर तोंडावर आपटण्यापेक्षा आत्ताच कळलेलं बरं. आणि विचारायचं कुणाला? "दया केलीत का हो?" असं विचारलं तर हो कोण म्हणणार!

तिचे वडील वजनकाटे दुरुस्त करत. काटा खरा की खोटा हे पाहायला ते त्यावर नेमकं ठाऊक असलेलं माप ठेवत. मोठ्या काट्यावर मोठंच. "छटाकाने काय कळणार?" ते म्हणत. हिने तेच केलं. दुसऱ्या चाचणीत प्रत्येक पेपरातल्या सगळ्यात मोठ्या प्रश्नाला असं उत्तर लिहिलं, की ज्याची किंमत तिला पक्की ठाऊक होती. शून्य.

इतिहासात तिने एका राजाला त्याच्याच मेलेल्या आजोबांशी लढवलं. सरांनी शेरा मारला, "ओघवती शैली," आणि पैकीच्या पैकी मार्क दिले. "बघ, म्हटलं नव्हतं?" ती आईला म्हणाली. आपलं खरं ठरल्याचा आनंद किती कडू असतो ते तिला त्या दिवशी कळलं.

अर्थशास्त्रात तिने लिहिलं होतं, "मागणी वाढली की किंमत उतरते, कारण दुकानदाराला गिऱ्हाइकांची दया येते." मॅडमनी तिला बोलावून घेतलं. पानभर लाल शाई होती.

"हे काय आहे? बाकीच्या उत्तरांत एक चूक नाही. मग हे मुद्दाम लिहिलंस ना?"

"हो."

"का?"

"तुम्ही माझा पेपर वाचता का, ते बघायला."

मॅडमचा चेहरा लालबुंद झाला. "शब्दन् शब्द वाचते मी. शून्य दिलंय. विशेष विषयाची जागाही गेली तुझी."

तरी तिने विचारलंच, "आणि मागच्या वेळचे मार्क? ते... खरे होते?"

मॅडमनी पेपर तिच्यापुढे सरकवला. "ते तुझेच होते," त्या म्हणाल्या. "आणि हे शून्यही तुझंच."

व्हरांड्यातल्या बाकावर बसून ती ढसाढसा रडली. हातची जागा गेली म्हणून रडली, आणि आजवरच्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी आपल्याला शून्य दिलं या आनंदानेही रडली.

"हात दाखवून अवलक्षण," वडील म्हणाले. "काटा खरा निघाला आणि नुकसान आपलंच."

वर्षाखेरीस काही जागा उरल्या. त्यासाठी पुन्हा परीक्षा झाली, कुणालाही बसता येईल अशी. ती बसली. या वेळी सगळी उत्तरं खरी लिहिली. यादीत नाव लागलं, तेही बरंच वर. आईने डोळे पुसले. वडिलांनी शेजाऱ्यांना हाका मारून सांगितलं.

ती मात्र तपासलेला पेपर खांद्यावरच्या पिशवीत घालून, कुबड्या टेकत थेट मॅडमच्या दारात उभी राहिली.

"आता काय? पुन्हा शंका?" मॅडमनी विचारलं.

"शंका नाही, भांडण," ती म्हणाली. बोलताना जीभ अडखळत होती, पण तिने घाई केली नाही. "चौथ्या उत्तराला तुम्ही मार्क कमी दिलेत. ते माझे आहेत. मला हवेत."