टकळीचा तास

एका बाईच्या आंधळ्या मुलीला मी हातकामातून शिकवणाऱ्या आमच्या बुनियादी शाळेत घेतले नाही. नियम आडवा आला नव्हता. फळा न दिसणारीला शिकवायचे कसे, हे मला ठाऊक नव्हते आणि तसे कबूल करायची लाज वाटली.

बाई आष्टीच्या बाजारात वांगी विकायची. नकार मिळाल्यावरही ती रोज सकाळी मुलीला घेऊन वर्गाच्या खिडकीशी उभी राहायची आणि आत काय चालले आहे ते तिच्या कानात सांगायची. एकदा टकळीवर सूत कातताना मी मुलांना म्हणालो, "डोळे मिटा. धागा बोटांना कळू द्या."

"गुरुजी," खिडकीतून बाई म्हणाली, "यायले डोये मिटाले सांगता, अन् माह्या पोरीचे मिटलेच हायेत म्हणून तिले घरी धाडता. काऊन जी?"

मुले हसली. मी खिडकी लावून घेतली. ती पुन्हा आली नाही.

दोन वर्षांनी मुलीला शाळेत बोलवायला मी टकळी घेऊन बाजारात गेलो. मुलगी बोटांनी चाचपून किडकी वांगी वेगळी काढत होती. एकही चुकत नव्हते.

"आता तिले इथंच बरं वाटते, गुरुजी," माझ्या हातातली टकळी पाहून बाई म्हणाली.

मी मुलीसमोर खाली बसलो. "पोरी, खिडकी मी लावली होती. माझं चुकलं."