फुटलेली जागा

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं, पण काल शेजाऱ्यांनी कुंड्यांत मोहरीची पेंड घातली आणि त्या वासानं ती सकाळ पुन्हा समोर आली. नव्वदच्या दशकात आम्ही हवाई दलातले तिघे मराठी मित्र लखनऊजवळ बख्शी का तालाबच्या तळावर होतो आणि रविवारी एका नावाड्याच्या छोट्या नावेतून गोमतीत गळ टाकायचो. रोहू यावा म्हणून तीन दिवस आधीपासून एकाच जागी भाजलेली पेंड टाकायची आणि ती जागा कुणाला सांगायची नाही, असा आमचा नियम होता. त्या सकाळी धुक्यातून पोचलो, तर आमच्या जागेवर दुसरीच नाव उभी होती आणि त्यातला माणूस हातभर रोहू वर ओढत होता. आमच्यातला मालवणचा मित्र हसला, "घेऊ दे रे मेल्या, आपलीच पेंड खाऊन माजलाय तो!" मला ते हसणं खटकलं. त्यानं त्या माणसाला हात केला, तेही खटकलं. "जागा तूच फोडलीस," मी म्हणालो. "आईशप्पथ नाही," एवढंच तो बोलला. काठावर उतरल्यावर नावाड्यानं मला बाजूला घेतलं. "साहब, चाय की दुकान पर आप ही तो सबको बता रहे थे." ते खरं होतं, शुक्रवारी बढाई मारताना मीच बोलून गेलो होतो. तरी मी गप्प राहिलो. कॅम्पात त्याला सगळे फितूर म्हणू लागले, त्यानं मासेमारी सोडली, पुढे त्याची बदली झाली. आता तो या जगात नाही, म्हणून निदान इथे लिहितो, जागा मी फोडली होती. स्टेशनवर निरोप देताना त्यानं खिडकीतून विचारलं होतं, "तुला अजून वाटतं, मीच सांगितलं?" 'चुकलं माझं' हे शब्द ओठांवर आले होते. मी विचारलं, "पाणी भरून घेतलंस ना?"