दोन माणसांच्या गाडीची हवा

गोरेगावहून हिंगोलीला रूपसिंग राठोडच्या जीपनं जायचं म्हणजे गुडघे छातीशी घेऊन बसायचं. नव्वदच्या दशकात आम्ही सगळे तसेच गेलो. गोणीत हळद ठासावी तशी माणसं ठासून झाल्यावरही हा सेनगावला ओरडायचाच, "सरका, अजून एक बसतंय!" एवढं ओझं पेलायचं म्हणून चाकांत दगडासारखी हवा भरायचा. त्यात त्याचं काही चुकत नव्हतं.

त्या सगळ्या वर्षांत त्याची बायको जिवनबाई जीपच्या पुढच्या सीटवर एकदाही बसली नाही. ती सीट पॅसेंजरची. तिला एसटी.

पुढे २००५ च्या सुमारास त्यानं जीप विकली आणि नांदेडहून एक लाल, बुटकी, दोन दारांची जुनी गाडी आणली. तिच्या पाठीवर पंखासारखं काहीतरी होतं. तांड्यावरचे सगळे तिला रेसची गाडी म्हणायचे आणि विनयी रूपसिंग कुणाची चूक दुरुस्त करायचा नाही. मूळचे बारीक टायर काढून त्यानं रुंद टायरही बसवून घेतले. हा थाट कुणासाठी, ते बोलला नाही. पण पुढच्या सीटला नवं कव्हर घालून मला मागे बसवलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं.

नांदेडच्या टायरवाल्यानं बजावलं होतं, गाडी हलकी, टायर रुंद, तीसच्या वर हवा नको. पण तीसवर टायरचं पोट जरा सुटल्यासारखं दिसे, आणि रूपसिंगच्या जिवाची घालमेल होई. गोरेगावात पंक्चर काढणाऱ्या पुंजाजीकडून त्यानं ती पोटं आत जाईपर्यंत, चांगली पन्नास हवा मारून घेतली. बसणार दोघं, हवा जीपभर माणसांची!

पहिल्या फेरीला जिवनबाई नवं लुगडं नेसून बसली. गाडी खड्ड्यागणिक उडत होती. सेनगावला ती दात आवळून उतरली.

"कंबर ठिवली न्हाई माजी. मी यष्टीनं जाते."

"अवं, रेसची गाडी हाय ही!"

"मंग तुमीच लावा रेस."

तांड्यावर हे कळलं तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. त्याला मात्र ते फार लागलं. त्यानं रस्त्याला, कंत्राटदाराला, तिच्या बसायच्या पद्धतीलाही नावं ठेवली. हवेवर संशय घेतला नाही.

श्रावणात औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जायचं ठरलं. "ही शेवटची बारी," जिवनबाईनं सांगून टाकलं. या खेपेला गाडी उडली, तर ती सीट कायमची रिकामी राहणार होती. म्हणून रूपसिंग आधी पुंजाजीच्या दुकानी गेला, आणखी थोडी हवा भरायला! पुंजाजी वैतागला. "रूपसिंगभाऊ, आधी चारी चाकं बराबर तीस करतो. मंग भरू तुमच्या मनासारखी." चौथं चाक तीसवर आलं आणि लाइट गेली. लोडशेडिंग. मशीन बंद.

"निघून राहिले का, का यष्टी धरू?" गाडीतून जिवनबाईनं विचारलं.

निघावंच लागलं. हिंगोलीपर्यंत तो खिडकीतून मान काढून टायरची पोटं बघत होता. जिवनबाई भाचीच्या लग्नाचं, शेजारच्या पारुबाईच्या शेळीचं सांगत होती. हिंगोली सुटली आणि तिचा आवाज थांबला. घाबरून त्यानं पाहिलं, तर ती झोपली होती. डोकं कलून त्याच्या खांद्यावर आलं होतं.

औंढा आलं. नारळाची दुकानं आली, देवळाकडचं वळण आलं. रूपसिंगनं ब्रेकवर पाय नेला आणि तसाच काढून घेतला. गाडी हळूहळू जिंतूरच्या रस्त्याला लागली.

जिंतूर जवळ आलं तेव्हा तिला जाग आली. ती डोळे चोळत बाहेर बघू लागली.

"देऊळ कुठंय?"

"मागं राह्यलं."

"मंग उठवलं काहून न्हाई?"

रूपसिंगनं समोरच्या रस्त्यावरची नजर काढली नाही.

"माज्या गाडीत पहिल्यांदाच झोपलीस तू. कसं उठवू?"