आगबोटीचं नवं इंजिन

खोलीवरच्या दिव्यात एरंडेल तापून वास आला की पुस्तक तसंच राहतं आणि मला ठाण्याची खाडी दिसू लागते. बाबा एका शेटजींच्या जुन्या, खासगी आगबोटीवर तांडेल होते, बोट तेच चालवायचे. तिच्या फटी त्यांनीच बुजवल्या, मग तिच्यात एरंडेलाचं वंगण लागणारं नवं दणकट इंजिन बसलं. पहिल्या फेरीच्या दिवशी, याच भरतीत कल्याण गाठलं नाही तर बोट मोडीत काढीन, असं सांगून शेटजी स्वतः बोटीत बसले. मीही होतो.

पण इंजिनाच्या वजनानं मागची बाजू खाली गेली आणि पाण्याखालचा पंखा चिखलात रुतला. काठावर आई आणि इतर कोळणी बोंबलांच्या पाट्या घेऊन बाजाराला निघाल्या होत्या. बाबा ओरडले, "पुढं येऊन बसा गो, पाट्यांसकट!"

"एरवी चढू देत नाय, आज बरी आठवण झाली!" आई म्हणाली.

त्या बसल्या, बोट सरळ झाली आणि पंखा सुटला. इंजिनातल्या तापलेल्या एरंडेलाच्या वासात बोंबलांचा वास मिसळला. भरती ओसरायच्या आत कल्याण आलं.

शेटजी नाकावरचा रुमाल न काढता म्हणाले, "उद्यापासून यांच्या जागी पुढं वाळूची पोती ठेव."

"म्हणजे बोट राहिली?" बाबांनी विचारलं.

तेव्हा मला पोत्यांचंच हसू आलं होतं. आता बाबांच्या त्या प्रश्नातला आनंद ऐकू येतो.