न आणलेली दुनळी

दुनळी बंदुकीच्या नळीला तडा गेलेला नव्हता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिच्या पाटल्या त्यात गेल्या होत्या.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. संग्रामपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला आमची शेतं. डोंगराला ज्यांचे धुरे, शेताचे बांध, लागून, त्यांच्या भुईमुगात रानडुकरं उतरायची आणि वावर नांगरल्यासारखं करून जायची. शेवटी पायथ्याच्या घरांनी मिळून एक बंदूक घ्यायची ठरवली. कापूस विकला की ज्याने त्याने आपला वाटा टाकायचा. परवाना माझ्या नावावर, कारण मी चार इयत्ता शिकलेला आणि कचेरीत बोलू शकणारा. बंदूक निवडून आणायचं कामही माझ्याकडेच आलं.

शेजारच्या धुऱ्याचे एक शेतकरी माझ्याहून बरेच मोठे. नात्यातले नव्हेत, पण सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं. मी निघालो तेव्हा ते एसटीपर्यंत सोबत आले.

“बापू, दुनळीच आनजो. बाराबोरची. छर्रा सुटला की डुक्कर पयते, मग मरो की न मरो. आन् काडतूस खामगावले भेटते.”

“हो मामा.”

“दुसरं काही दाखवलं तं पाहू नको. तुले पाहत बसाची लय खोड हाय.”

मेहकरचे एक म्हातारे शिकारी मुलाकडे राहायला जाणार होते, म्हणून आपल्या दोन्ही बंदुका विकून टाकणार होते. त्यांनी बाजेवर गोधडी अंथरून त्या मांडल्या. एक बाराबोरची दुनळी. दस्ता घासलेला, पण नळ्या आतून आरशासारख्या. त्यांनी ती मधून उघडून, उजेडाकडे धरून मला आरपार दाखवली. दुसरी विलायती रायफल. तिची गोळी माझ्या करंगळीएवढी जाड.

“शेतासाठी पाह्यजे तं ही घ्या,” दुनळीवर हात ठेवून ते म्हणाले.

“आणि ही?”

“ही शौकाची चीज हाय, बाबू. हिले जंगल पाह्यजे, फुरसत पाह्यजे, पैसा पाह्यजे. यातलं काय हाय तुमच्यापाशी?”

ते हसले. “काडतुसं विलायतेतून येत होते. आता बंद. डब्यात हायेत तेवढेच समजा.”

म्हणजे मला सगळं माहीत होतं. कुणी फसवलं असं म्हणायला मला जागा नाही.

गावाबाहेरच्या टेकडीवर त्यांनी समोरच्या उतारावरचा एक पांढरा दगड दाखवला. तिथे माणूस असतं तर बाई की बुवा हे ओळखू आलं नसतं, इतका लांब. मी चाप ओढला. खांद्यावर घण बसल्यासारखं झालं आणि दगड होता तिथे धूळ उठली. त्या वेळी मला काय वाटलं, ते मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. आनंद नव्हता. एवढंच की इतक्या लांबवर माझ्या हातून कधी काही झालं नव्हतं.

वाट्याचे पैसे दुनळीला पुरून उरले असते. रायफलीच्या किमतीत ते अर्धेही नव्हते. इसार देऊन मी घरी आलो आणि बायकोला म्हटलं, गावाच्या कामाला कमी पडतात. तिने साबण लावून पाटल्या उतरवल्या. मनगट पुसत म्हणाली, “काऊन, बाकीच्या बायांच्या हातात काही नाही का?” पुढच्या कापसात करून देतो, म्हटलं. दिल्या नाहीत.

बुलढाण्याला कचेरीतला कारकून म्हणाला, “डुकरांसाठी एवढी?” डोंगरात वाघ आहे, असं सांगितलं. वाघ होताही. त्याने शिक्का मारला.

रायफल गावात आणली तेव्हा सगळे मामांच्या वावरात जमले. मामांनी ती दोन्ही हातांनी उचलली. “हे बंदूक होये का पहार? आन् दुनळी कुठं हाय?”

“तिच्या नळीला तडा गेला होता, मामा. हातातच फुटली असती.”

मामांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. “मंग बरं केलं, बापू. हातपाय राह्यले पाह्यजे.”

वरचे पैसे कुठून आणले, हे कुणीतरी विचारलं. बायकोच्या पाटल्यांचं मी सांगितलं. त्या दिवसापासून गावात माझा मान वाढला.

पहिल्याच आठवड्यात मी पार नाल्यापलीकडचा एक रोही, नीलगाईचा नर, पाडला. लोक बघायला आले. त्यानंतर मात्र मी काडतुसं जपू लागलो. कुणी बोलवायला आलं की म्हणायचो, एका डुकरासाठी कुठे एक वाया घालवता. आणि ती शेतात चालवता येतच नव्हती. गोळी डुकराच्या आरपार जाऊन पुढे कुठवर जाईल, याचा नेम नाही. पलीकडे गाव, रस्ते, माणसं. जो पल्ला मी विकत घेतला होता, तोच आडवा यायचा. डुकरं हाकायला लोक पुन्हा डबे वाजवू लागले.

भुईमूग उपटणीला आला होता. बाजारचा दिवस, तिन्हीसांजेची वेळ. मामा शेतातल्या राखणीच्या माळ्यावरून मला हाका मारत होते. मी रायफल घेऊन धुऱ्यावर गेलो. एक मोठं डुक्कर त्यांच्या भुईमुगाच्या तासात, स्पष्ट दिसत होतं. मी नेम धरला. नेमाच्या रेषेतच, दोन वावरं पलीकडे, बाजारातून परतणाऱ्या बैलगाड्या चालल्या होत्या.

“मार ना बे. काय पाहून राह्यला?”

“मागे गाड्या आहेत, मामा.”

त्यांनी गाड्यांकडे पाहिलं. मग डबा घेतला, माळ्यावरून उतरले आणि वाजवत वाजवत डुकराकडे चालत गेले. डबा वाजला की डुक्कर नेहमी पळायचं. त्या दिवशी वळलं. हातात दुनळी असती तर गाड्यांपर्यंत तिचा छर्रा पोचलाच नसता. हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं, आणि तरी मी रायफल खांद्याची उतरवली नाही.

मामांची मांडी फाटली. त्याच गाड्यांपैकी एकीत घालून आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला. लोक मला म्हणाले, तू गोळी झाडली नाहीस हे शहाणपण केलंस, नाहीतर गाडीतलं कुणी गेलं असतं. मी मान हलवली. जेवण आलं, जेवलो. झोपही लागली.

रायफल पुढे मी ठाण्यात जमा केली. ती अजून तिथे आहे की नाही, ठाऊक नाही.

मामा आहेत. ओट्यावर कुबडी टेकवून बसतात. कुणी पाहुणा आला की माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, “ह्या माणसानं बायकोच्या पाटल्या मोडल्या बरं, आमच्यासाठी.” मी तिथेच बसलेला असतो. चहा पितो.

त्यांना वाचता येत नाही. हे छापून आलं तर कुणीतरी त्यांना वाचून दाखवील. त्याच्या आधी मी त्यांच्याकडे जायला हवं. दुनळीची नळी चांगली होती, हे माझ्या तोंडाने सांगणं, एवढं मी मामांचं देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.