तेरा राणीछाप

मोहाडीच्या तुलाराम सोनाराची कीर्ती एवढीच, की तो रुपयाला भोक पाडत नसे. त्या भागातल्या म्हाताऱ्या बायका चांदीच्या राणीछाप रुपयांची माळ घालत. तिला हमेल म्हणत. बाकीचे सोनार रुपयाला छिद्र पाडून ओवून देत. तुलाराम काठावर बारीक कडी डाख लावून जोडून देई. ही रीत त्याच्या बापाची, धनीरामची. धनीरामचं नाव निघालं की लोक पुढे ‘खोट नाही’ एवढं आपोआप जोडत.

१९७८च्या उन्हाळ्यात, बाजाराच्या दिवशी, दोन बहिणी दुकानात आल्या. थोरली सुलोचनाबाई सिहोऱ्याची, धाकटी रुखमा मोहाडीतलीच. माय महिन्याआधी वारली होती. तिची हमेल वाटून घ्यायची होती. रुपये तेरा.

“सहा-सहा करा,” रुखमा म्हणाली. “उरला तो कापून द्या.”

तुलारामने कड्या सोडवल्या आणि सवयीने एकेक रुपया दगडावर टाकून ऐकला. बारा खणखणले. एक थपकन वाजला. त्याने काठ कानशीने घासला. आत तांबं होतं, वरून चांदीचा मुलामा. मग त्याने कडीचा डाख पाहिला. इतका बारीक डाख देणारा पंचक्रोशीत एकच माणूस होऊन गेला होता.

त्याने तो रुपया दोघींपुढे ठेवला. म्हणाला, “हा खोटा आहे. अन् हा माह्या बापानं बनवला आहे.”

रुखमा उठूनच उभी राहिली. “मायले फसवलं तुमच्या बापानं?”

“बस खाली,” सुलोचनाबाई म्हणाली. “मायनंच बनवून घेतला. मी नऊ वर्साची होती, मुदतीचा ताप आला होता. बाबा डॉक्टरकडे नेत नव्हते. मायनं यातला एक रुपया काढला अन् मले भंडाऱ्याले नेलं. पण आजी दर सणाले हमेल मोजे. मंग धनीरामभाऊंनी हा बसवून दिला. मजुरी नाही घेतली. मायनं जाता जाता सांगितलं मले.”

“मले काहून नाही सांगितलं?”

“तू आजीची लाडकी होती.”

रुखमाने तो रुपया उचलून पाहिला. मग म्हणाली, “तो मले पाहिजे.”

“कोणता?”

“खोटा.”

“ताप मले आला होता!”

“मंग तू वाचली ना? आणखी काय पाहिजे तुले?”

भांडण दुपारपर्यंत चाललं. तुलारामने तसाच आणखी एक बनवून देतो म्हटलं. दोघी एकदम ‘नको’ म्हणाल्या. त्या दिवशी त्यांचं एकमत झालं ते एवढ्यावरच. अखेर सुलोचनाबाईने आपले सहाही रुपये रुखमापुढे सरकवले. “घे. मले हा एक पुरे.”

रुखमाने डोळे पुसले, दोन उचलले आणि चार परत केले. ती बहीण होती, पण वेडी नव्हती.

संध्याकाळी जेवताना तुलारामने बायकोला, लीलाबाईला, सगळं सांगितलं.

“म्हणजे मामाजींनी खोटं नाणं पाडलं,” ती म्हणाली.

“हो.”

“मंग?”

तुलारामने घास गिळला. “काम लय साफ होतं,” तो म्हणाला. “मले तेवढं जमलं नसतं.”